नंबर काढायला गेलो आणि अॅडमिट झालो: चार स्टार, एक कापलाय तो जिन्याचा

दादर वेस्टच्या ह्या डोळ्यांच्या दवाखान्याबद्दल लिहायचं लिहायचं म्हणून चार महिने गेले, आज दुकानात लाईट गेलीय आणि हातात मोबाईल आहे म्हणून लिहून टाकतो. मोठं होणार आहे, ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांनी बघून पुढं जा. टायपिंगला हसू नका, मी टेलर आहे, लालबागला लेडीज टेलरिंगचं दुकान, ब्लाऊज हा मेन धंदा, पंचवीस वर्षं झाली.

तर झालं असं की लग्नसराई चालू होती, दुकानात ब्लाऊजचा ढीग, आणि मला सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. म्हणजे पांढऱ्या कापडावर जमायचं पण काळ्या कापडावर काळा दोरा आला की माझी बोंब. आधी वाटलं ट्यूबलाईट म्हातारी झालीय, ती बदलली. मग वाटलं रिळाचा दोरा खराब लागलाय, पिसं निघतायत, तो बदलला. कारागीर हसायला लागला, म्हणाला शेठ तुम्हाला चाळीशी लागली. वय अठ्ठेचाळीस, म्हटलं बरोबरच बोलतोय, उलट आठ वर्षं उशिराच आली.

त्यात एक दिवस दादरला लेस आणि हुक घ्यायला गेलो, येताना भांडुपची स्लो पकडायची तर इंडिकेटरवरचा एस आहे की एफ तेच समजेना. दादरला आधीच मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मचे नंबर डिसेंबर 2023 ला बदलून 8 ते 14 केलेत, माझ्या डोक्यात अजून जुनेच, त्यामुळे मी सगळं खापर रेल्वेवर फोडलं. चढलो ते फास्टमध्ये आणि उतरलो थेट ठाण्याला. बायकोला फोन केला तर म्हणते, अहो तुम्ही इंडिकेटर वाचला नाहीत का. वाचला, पण दिसला नाही, हे तेव्हा सांगायला लाज वाटली.

मग स्टेशनजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात गेलो. मोठं चकाचक दुकान, नाव घेत नाही, आत एसी, नंबर फुकटात काढून मिळतो. हनुवटी टेकवा, आत लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला फुगा दिसतो तो बघा, टिक टिक झालं, पावतीसारखी चिठ्ठी बाहेर. पोरगा म्हणाला सर चाळीशीच आहे, दीडचा नंबर, एकावर एक फ्री स्कीम चालूय. चोवीसशे रुपयाला दोन चष्मे. घालून बघितला तर अक्षर मोठं झालं पण धूसर ते धूसरच, जसं प्रेसच्या वाफेतून बघतोय. पोराला सांगितलं तर म्हणाला सर सवय व्हायला आठवडा जातो. पंधरा दिवस गेले तरी सवय काही होईना. मी परत गेलो तर म्हणे प्रोग्रेसिव्ह लेन्स घ्या, साडेआठ हजारात. पोराचा मी दोष काढत नाही, त्याला नंबर काढायला ठेवलाय, नंबर काढला. पण अख्ख्या दुकानात माझ्या डोळ्याच्या आत बघायचं कुणाला सुचलं नाही आणि मला तरी कुठं माहीत होतं की आत बघायचं असतं.

ह्या सगळ्यात सकाळी उठलं की मागचं डोकं ठणकायचं, मानेपासून वर. ते मी वाकून शिवण्यावर ढकललं. कंबर आणि मान दुखते म्हणून पेनकिलर तर रोजची चालूच होती, कधी एक कधी दोन, केमिस्ट ओळखीचा आहे. ही गोळ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

शेवटी बायको बोलली की शेजारच्या काकूंनी मोतीबिंदू जिथं केला तिथं चला, नाहीतर मी तुम्हाला हाताला धरून नेईन. म्हटलं नको, मी एकटा जातो. ही चूक झाली, ती पण पुढं सांगतो.

आता दवाखाना. जुनी बिल्डिंग, पहिला मजला, पण हा पहिला मजला जुन्या दादरचा, म्हणजे आत्ताच्या हिशोबाने दुसरा. लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कठड्याला दोरखंड बांधलाय. लिफ्ट नाही. डोळ्यांच्या दवाखान्याला असा जिना म्हणजे विनोदच आहे, वर जाताना निदान दिसतं, ड्रॉप घालून उतरताना काय दिसणार. एक स्टार मी इथंच कापला. बाकी वेटिंग रूम स्वच्छ, बाकं जुनी, एका कोपऱ्यात तांब्याचा हंडा आणि भांडं, टीव्ही नाही हे चांगलं. अकराची अपॉईंटमेंट होती, आत नंबर लागला पावणेएकला. ह्याला अर्धा स्टार कापणार होतो पण पुढं जे झालं त्यात तो परत दिला.

आधी एक मुलगी बाहेर सगळी तपासणी करते, पंचविशीची असेल. तिने मला काका म्हटलं. केस पांढरे झालेत मान्य आहे पण काका हा शब्द जरा जोरात बोलली. बोर्ड वाचायला लावला, आधी साधं, मग माझ्या नव्या चष्म्याने, मग तिच्या जड फ्रेममध्ये काचा बदलून बदलून. उजव्या डोळ्याने 6/18, डाव्याने 6/24 (म्हणजे चांगल्या नजरेला 18 आणि 24 मीटरवरून दिसतं ते मला 6 मीटरवरून, 6/6 म्हणजे नॉर्मल), ह्याच्या खाली गाडी जाईना. मग तिने एक काळी चकती डोळ्यासमोर धरली, मधे बारीक भोक, म्हणाली ह्यातून वाचा. मी वाचलं, तितकंच. तिचा चेहरा बदलला. मी विचारलं काय झालं, तर तिने नीट समजावलं, की नंबरचा प्रॉब्लेम असेल तर ह्या बारीक भोकातून माणसाला एकदम साफ दिसतं, कारण उजेड सरळ येतो, आणि भोकातून पण सुधारलं नाही तर समजायचं की गडबड काचेची नाही, मागं कुठंतरी आहे. मोतीबिंदूत, पडद्यात, नसेत, कुठंही. बघा, एक चकती आणि एक भोक. चोवीसशे रुपये त्या भोकातून गेले माझे.

आणि आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय ती गोष्ट. बाहुली मोठी करायचा ड्रॉप घालायच्या आधी तिने माझं बीपी घेतलं. मी म्हटलं ताई मी डोळे दाखवायला आलोय. ती म्हणाली काका इथं चाळिशीच्या वरच्या सगळ्यांचं घेतो, मॅडमचा नियम आहे. पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय जमिनीवर, पाठ टेकून, हात टेबलावर, बोलायचं नाही. पट्टा फुगला. परत फुगवला. मग दुसऱ्या हाताला लावला. मग आत जाऊन मॅडमना घेऊनच आली. 214/128.

मॅडम पन्नाशीच्या पुढच्या, बारीक आवाज, घाई नाही. पहिलं विचारलं छातीत दुखतंय का, धाप लागते का, बोलताना अडखळताय का, हातापायात कमजोरी, लघवी कमी होते का. नाही म्हटलं. मग विचारलं बीपीची गोळी चालू आहे का. आता इथं मी खोटं बोलणार होतो पण त्यांच्याकडे बघून बोललो नाही. 2019 ला एकदा मंडळाच्या आरोग्य शिबिरात बीपी जास्त निघालं होतं, डॉक्टरने गोळी दिलेली, महिनाभर घेतली, बरं वाटलं, सोडली. गोळी एकदा लागली की जन्माची लागते असं सगळेच सांगतात म्हणून. मॅडम फक्त हं म्हणाल्या आणि लिहून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ड्रॉपची पण एक बारीक गोष्ट त्यांनी केली जी मला नंतर समजली. बाहुली मोठी करायचा जो नेहमीचा ड्रॉप असतो त्यात दोन औषधं एकत्र असतात, त्यातलं एक फिनाईलएफ्रिन, त्याने बीपी आणखी चढू शकतं. म्हणून माझ्यासाठी त्यांनी मुलीला सांगितलं साधा ट्रॉपिकामाईडच घाल, मिक्स नको. आधी बीपी घेतलं नसतं तर सरळ मिक्स पडला असता. ही अक्कल पैशाने विकत मिळत नाही.

पंचवीस मिनिटं डोळे मिटून बसलो. बाजूला एक आजी होत्या, डोळ्याच्या पांढऱ्यावर लालभडक डाग, कुंकू सांडल्यासारखा, सगळं वेटिंग रूम त्यांनाच बघून घाबरलेलं. आणि त्यांना दहा मिनिटात घरी सोडलं, वरची एक बारीक रक्तवाहिनी फुटलीय, खोकल्याने पण होतं, पंधरा दिवसात जाईल, आपोआप जाईल, फक्त बीपी तपासून घ्या. आणि मी, ज्याचे डोळे बाहेरून आरशासारखे स्वच्छ, त्याला घरी सोडलं नाही. लोक म्हणतात ना बीपी वाढलं की डोळे लाल होतात, तोंड लाल होतं, मला आपोआप कळतं. काही कळत नाही. माझं 214 होतं आणि मी सकाळी मिसळ खाऊन आलो होतो.

आत काळोखात मॅडमनी कपाळाला दिवा लावून आणि हातात भिंग धरून बघितलं, मग फोटो काढला. तो फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला, आणि हे मला फार आवडलं, कारण डॉक्टर लोक सहसा स्क्रीन आपल्याकडे वळवत नाहीत. नारिंगी गोल, त्यात लाल फांद्या. माझ्या डोळ्याच्या मागचा पडदा. मॅडम म्हणाल्या अंगात एवढ्या रक्तवाहिन्या आहेत पण कातडी न कापता थेट बघता येतात त्या फक्त इथं. हा डोळ्यात बघायचा आरसा जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने काढला 1851 ला. मी म्हटलं मॅडम, शिलाई मशीनचं सिंगरचं पेटंट पण 1851 चंच. त्या पहिल्यांदा हसल्या. माझ्या दुकानात आजोबांचं सिंगर आहे, साल तोंडपाठ असतं.

फोटोत काय होतं ते माझ्या भाषेत सांगतो. मॅडमनी त्यांच्या भाषेत सांगितलं, पण मी कापड म्हणून बघितलं तेव्हाच डोक्यात शिरलं.

पहिलं, बारीक नळ्या. हृदयाकडून रक्त आणणाऱ्या नळ्या जेवढ्या जाड पाहिजेत त्यापेक्षा सुतासारख्या बारीक झालेल्या, काही ठिकाणी तांब्याच्या जरीसारख्या चमकतात. वर्षानुवर्षं प्रेशर जास्त असलं की त्यांची भिंत जाड आणि कडक होते म्हणून तसं दिसतं, फार जुनं झालं की चांदीच्या तारेसारखं. दुसरं, जिथं ही कडक नळी शिरेला ओलांडते तिथं शीर दबून आत गेलेली, जशी परकराच्या नेफ्यातली नाडी करकचून ओढली की कापड तिथं चेपतं. दोघींचं आवरण त्या जागी एकच असतं म्हणून एक कडक झाली की दुसरीला जागा राहत नाही. मॅडम म्हणाल्या ह्याच क्रॉसिंगला पुढं कधी शीर चोंदते, मग एका डोळ्यापुढं अचानक पडदा आल्यासारखं होतं, दुखत बिखत काही नाही, आणि मग डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात. बाहेर तसा एक माणूस बसला होता, तिसऱ्या इंजेक्शनला आलेला, रात्री झोपला आणि सकाळी अर्धं दिसेना.

हे दोन म्हणजे जुनं दुखणं, 2019 पासूनचं किंवा त्याच्याही आधीचं. पुढचं मात्र ताजं होतं. लाल फराटे, मेणबत्तीच्या ज्योतीसारखे, म्हणजे रक्त झिरपलेलं. पांढरे मऊ पुंजके, ह्याला ते कॉटन वूल म्हणतात, आणि खरंच रजईतून कापूस बाहेर आल्यासारखे दिसतात, पण कापूस नाही, तिथली बारीक नळी बंद पडून तेवढा पडदा सुजलाय, रक्ताविना मेलाय. मधोमध, जिथून आपण दोरा ओवतो ती जागा, तिथं पिवळट ठिपक्यांची चांदणी. अगदी आरी वर्कमध्ये टिकल्यांची चांदणी काढतात तशी. म्हणून दिसत नव्हतं मला. आणि सगळ्यात वाईट ते म्हणजे डोळ्याची नस जिथं आत शिरते तो गोल, त्याची कडा ताटलीसारखी स्पष्ट पाहिजे, माझ्या दोन्ही डोळ्यात ती सुजून पुसट, जशी कडेला खडूची रेघ हाताने फासली.

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, हे नंबरचं काम नाही, हे बीपीचं आहे, आणि डोळ्यात जे दिसतंय ते मेंदूत आणि किडनीत पण चालू असू शकतं. तुम्हाला आजच, आत्ताच, अॅडमिट व्हायचंय. उद्या नाही. मी म्हटलं मॅडम दुकानात सात ब्लाऊज द्यायचेत संध्याकाळी. त्या म्हणाल्या ज्यांचे ब्लाऊज आहेत त्यांचे नंबर द्या, मी फोन करते. खरंच फोन हातात घेतला त्यांनी.

मी विचारलं जिभेखाली एक गोळी ठेवू का, आमच्या वडलांना तसं द्यायचे, कॅप्सूल फोडून. त्या एकदम कडक झाल्या. म्हणाल्या अजिबात नाही, केमिस्टने दिली तरी नाही, ती पद्धत केव्हाच बंद झाली, बीपी धाडकन खाली आलं तर मेंदूला आणि ह्याच नसेला रक्त कमी पडतं, कायमचं अंधत्व येऊ शकतं, पॅरालिसिस होऊ शकतो. उतरवायचं ते हॉस्पिटलात, हिशोबाने. स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली, बीपीचे तिन्ही आकडे वेळेसकट, कुठला ड्रॉप घातला ते पण लिहिलं, म्हणजे तिकडे बाहुल्या मोठ्या बघून मेंदूचंच काही आहे असं समजून घोळ नको. फोटो प्रिंट करून पाकिटात. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. मी एकटा आलोय म्हटल्यावर त्या मुलीला माझ्यासोबत खाली टॅक्सीपर्यंत पाठवलं. तो जिना मी तिचा हात धरून उतरलो, बाहेर दुपारचं दादर, बाहुल्या टम्म फुगलेल्या, ऊन असं अंगावर आलं की डोळे उघडेनात, फुलवाल्यांचा झेंडू सगळा एकच पिवळा गोळा. तिला म्हटलं, तू मला काका म्हणालीस ते बरोबर आहे गं.

हॉस्पिटलात चार दिवस होतो, ते सगळं इथं लिहीत नाही, तो वेगळा रिव्ह्यू होईल. एवढंच सांगतो की ईसीजी, लघवी, रक्त, डोक्याचा सीटी, सगळं झालं, क्रिएटिनिन 1.6 म्हणजे किडनीला थोडी झळ लागलीच होती. मला वाटलं एक इंजेक्शन देऊन 120 वर आणतील. रेसिडेंट डॉक्टर पोरगा, तीन रात्री झोपला नसेल असा, पण समजावून सांगायचा. म्हणाला पहिल्या तासात पाव हिस्सा उतरवतो, त्याहून जास्त नाही, मग पुढच्या काही तासात 160 च्या आसपास, मग हळूहळू. शरीराला इतकी वर्षं वरच्या प्रेशरची सवय आहे. मी म्हटलं कळलं, घट्ट झालेली शिवण एकदम ओढून उसवली की कापडच फाटतं, एकेक टाका कापायचा. त्यानेच पेनकिलरचं विचारलं, रोजच्या त्या गोळ्यांनी बीपीपण वाढतं आणि किडनीलापण मार बसतो. केमिस्टच्या ओळखीचा हा फायदा.

आता परत दवाखान्यावर येतो. डिस्चार्ज झाल्यावर तीन आठवड्याने फॉलोअपला गेलो, ह्यावेळी बायकोला घेऊन, तिने जिना चढताना पूर्ण वेळ दवाखान्याला शिव्या घातल्या. मॅडमनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. कापसाचे पुंजके विरत चाललेले, लाल फराटे फिके, नसेची कडा परत दिसायला लागलेली. चांदणी मात्र तशीच. ती सगळ्यात शेवटी जाते, महिने लागतात. तीन महिन्याच्या फोटोत ती पण मोडकी झाली, दोनचार टिकल्या राहिल्यात. आता उजवा 6/6 च्या जवळ, डावा 6/9. नळ्यांची तांब्याची चमक काही जाणार नाही म्हणाल्या, ते झालं ते झालं.

डाव्या डोळ्याला एक खोड राहिली. घरी बघायला त्यांनी चौकटीचा कागद दिलाय, वहीच्या गणिताच्या पानासारखा, मधे ठिपका, एकेक डोळा झाकून बघायचं की रेघा वाकड्या दिसतात का. मी कागद हरवला. पण मला कागदाची गरज नाही, माझ्याकडे मापाची टेप आहे. उजवा डोळा झाकला की टेपवर 14 आणि 15 च्या मधे रेघा किंचित आत ओढल्यासारख्या दिसतात, जसं इस्त्री करताना कापड तिथं जरा पोळलं. त्यामुळे सरळ शिवण मी आता उजव्या डोळ्याच्या भरवशावर मारतो. पहिले आठ दिवस दोन ब्लाऊज कारागिराने उसवून परत शिवले, मला सांगितलं नाही, नंतर कळलं.

तिसऱ्या व्हिजिटला गर्दी नव्हती तेव्हा मी विचारलं मॅडम किती वाईट होतं खरं सांगा. त्यांनी सांगितलं की ह्या सगळ्याच्या चार ग्रेड असतात, 1939 साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर अशा तिघांनी पाडल्या, पेशंटचे डोळे बघून नंतर कोण किती जगलं त्याची नोंद ठेवली. पहिल्या ग्रेडचे तीन वर्षांनी शंभरात सत्तर जिवंत होते. चौथ्या ग्रेडचे, म्हणजे नस सुजलेले, शंभरात सहा. मी चौथ्या ग्रेडला होतो. तेव्हा बीपीची चांगली औषधं नव्हती, आता आहेत, तुमची ही बीपीची पांढरी गोळी तेव्हा असती तर तो आकडा तसा आला नसता, असं त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाल्या तेव्हा तुमचं बीपी 214 होतं, आणखी कशाला वाढवू. बायको तिथंच बसली होती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, घरी आल्यावर लोणच्याची बरणी आणि सुकटीचा डबा दोन्ही शेजारी देऊन आली.

बीपीचं मशीन घरी घ्यायला सांगितलं, मनगटाचं नको, दंडाचं. इथंही मॅडमनी एक गोष्ट सांगितली जी दुकानदाराने सांगितली नव्हती, पट्ट्याचा साईज. सोबत जो पट्टा येतो तो बहुतेक 22 ते 32 सेंटीमीटर दंडाला असतो, जाड दंडाला तो लहान पडला की आकडा उगाच जास्त दाखवतो. आता दंडाचं माप ह्या मुंबईत माझ्याइतकं कुणी घेतलं नसेल, पण स्वतःचं कधी घेतलं नव्हतं. 34 निघालं. मोठा पट्टा वेगळा मागवला. आता दुकानात मशीन ठेवलंय, ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बायकांपैकी कुणी म्हणालं हल्ली डोकं जड असतं की टेप गळ्यात टाकूनच पट्टा लावतो. दोघींचं जास्त निघालं, त्यांना म्हटलं आधी जवळच्या महापालिकेच्या 'आपला दवाखाना'मध्ये दाखवून या, तिथं फुकट आहे, ब्लाऊज कुठं पळून जात नाही. एकीने ऐकलं. दुसरी म्हणाली मला माझं कळतं.

पैशाचं लिहायचं राहिलं. पहिली व्हिजिट 800, फोटोचे 600 वेगळे, फॉलोअप 500. फाईलचे पन्नास रुपये घेतात ते मला पटलं नाही, पुठ्ठ्याची फाईल वीसला मिळते. कार्ड चालत नाही, फोनवरून पैसे चालतात. खाली एक चष्म्याचं दुकान आहे पण इथून त्या दुकानाकडे ढकलत नाहीत, मला तर मॅडम म्हणाल्या सहा महिने नवा चष्मा करूच नका, पडदा बसला की नंबर बदलेल, आत्ता केला तर परत पैसे जातील. चोवीसशेतले दोन्ही चष्मे ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डब्याशेजारी पडलेत.

तक्रारी म्हणाल तर जिना सांगितलाच. अपॉईंटमेंटची वेळ नावाला आहे, दीड तास धरून चला. आणि ड्रॉप घालणार, चार-पाच तास जवळचं दिसणार नाही, सोबत कुणाला तरी आणा, गाडी चालवू नका, गॉगल आणा, हे फोनवर अपॉईंटमेंट देतानाच सांगायला पाहिजे, मी त्या मुलीला बोललो, ती म्हणाली काका बोर्डवर लिहिलंय. बोर्ड आहे खरा, जिन्याच्या वरच्या टोकाला, बारीक अक्षरात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.

गुरुवारी दुपारनंतर बंद, रविवारी बंद. फोन दोनदा करा, पहिल्यांदा उचलत नाहीत.